बावीस यार्ड माती

१७ ऑक्टोबर २०२४. बंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान. न्यूझीलंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीत भारताचा डाव ४६ धावांत संपला. पाच जणांना भोपळाही फोडता आला नाही. मायदेशातल्या कसोटीत भारताचा इतक्या कमी धावांत खुर्दा त्याआधी कधीच उडाला नव्हता. आता पुढचं ऐका. दुसऱ्याच दिवशी तेच अकरा जण त्याच खेळपट्टीवर पुन्हा उतरले आणि दुसऱ्या डावात त्यांनी ४६२ धावा केल्या.

दहापट! एका रात्रीत कुणी दहापट चांगली फलंदाजी शिकत नाही. माणसं तीच होती आणि समोरचे गोलंदाजही तेच. मग बदललं काय?

मातीतलं पाणी.

ती मालिका आपण ३-० अशी हरलो. २०१३ पासून घरच्या मैदानांवर सलग अठरा मालिका जिंकल्या होत्या, तो सगळा सिलसिला एकोणीस दिवसांत तुटला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण बंगळुरू, पुणे आणि मुंबई या तीन गावांतल्या तीन खेळपट्ट्या त्या एकोणीस दिवसांत जे करून गेल्या, ते आठवलं की वाईट वाटणं मागे पडतं आणि तोंडाचा आ तसाच राहतो.

घरच्या कसोटी मालिकेचं एक खास सुख आहे. परदेशातल्या सामन्यासाठी पहाटे गजर लावावा लागतो, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत जागावं लागतं. इथे सकाळी साडेनऊला पहिला चेंडू पडतो, म्हणजे त्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच. आणि नुसतं घड्याळच नाही, ऊनही तेच! पुण्यात कसोटी चालू असते तेव्हा माझ्या गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे ज्या उन्हात वाळत असतात, त्याच उन्हात गहुंजेची खेळपट्टी वाळत असते. टॉवेल किती वेळात कडक झाला यावरून दुपारी चेंडू कसा पडेल याचा अंदाज बांधणारा माणूस मी आहे. हे वेड नव्हे, यामागे चांगलं सरळ विज्ञान आहे.

एक नियम आधी सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. कसोटी सुरू झाली की खेळपट्टीवर पाणी मारता येत नाही. पाच दिवस, थेंबभरसुद्धा नाही. पावसापासून झाकायला कव्हर्स आहेत, दाबायला रोलर आहे (फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला पहिला दिवस सोडून रोज सकाळी, आणि पहिला डाव सोडून प्रत्येक डावाच्या आधी, फार तर सात मिनिटं), झाडू आहे. पाणी मात्र नाही. म्हणजे आपण ज्याला कसोटी सामना म्हणतो, तो खरं तर एक ओला चिखल पाच दिवसांत कसा वाळतो याचा जाहीर प्रयोग असतो, आणि त्या प्रयोगाच्या अंगावर उभे राहून जगातले सर्वोत्तम खेळाडू एकमेकांशी झुंजत असतात.

किती मोठा चिखल? लांबी बावीस यार्ड, म्हणजे वीस मीटर आणि वर अर्धी वीत. रुंदी दहा फूट. एखाद्या चाळीतल्या गॅलरीएवढी जागा! पण ती तयार करताना क्युरेटरचा जीव किती टांगणीला लागतो ते पाहा. चिकणमाती पसरायची, पाणी द्यायचं, गवत वाढवायचं, कापायचं आणि मग जड रोलर फिरवायचा. कधी फिरवायचा? ज्यांनी भाकरीचं पीठ मळलंय त्यांना हे लगेच कळेल. पीठ सैल झालं तर भाकरी हाताला चिकटते, घट्ट झालं तर कडेनं चिरते. मातीचंही तसंच. ती फार ओली असेल तर रोलरखाली लिबलिबते, फार कोरडी असेल तर दबतच नाही. या दोन्हींच्या मधली एक वेळ असते, त्या वेळी मातीचे कण एकमेकांवर सरकून घट्ट बसतात आणि मधली हवा निघून जाते. ती वेळ यंत्रापेक्षा अंगठ्याला जास्त चांगली कळते.

आता जरा त्या मातीच्या आत शिरू.

चिकणमातीचा कण म्हणजे वाळूसारखा गोटा नसतो. तो पदरांचा असतो, एकावर एक रचलेल्या चपट्या पदरांचा. दिवाळीतला चिरोटा डोळ्यांसमोर आणा. फक्त हा चिरोटा असा की त्याचा एकेक पदर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. एक मिलिमीटर उंचीत असे दहा लाख पदर मावतील!

आणि इथेच काळी माती आणि लाल माती वेगळ्या वाटेनं जातात. चिरोट्याच्या पदरांमध्ये साटं लावलं की ते सुटे राहतात आणि तळताना फुलतात, साटं नसेल तर एकमेकांना चिकटून बसतात. काळ्या मातीतले पदर साटं लावल्यासारखे असतात. पाणी आलं की ते थेट दोन पदरांच्या मध्ये घुसतं, पदर दूर होतात, माती फुगते. पाणी गेलं की पदर पुन्हा जवळ येतात, माती आक्रसते आणि आक्रसताना फाटते. लाल मातीत बहुतेक पदर एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांच्यामध्ये पाण्याला शिरकावच नाही. म्हणून ती फारशी फुगत नाही, आक्रसतही नाही. ती लवकर वाळते, टणक होते आणि शेवटी वरून भुरभुरायला लागते. तिचा लाल रंग लोखंडाचा. आपल्या दाराच्या कडीवर चढतो त्याच गंजाचा भाऊबंद.

काळ्या मातीचं फाटणं ज्यांनी सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात मे महिन्यात शेत पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. हात आत जाईल एवढ्या भेगा. वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात, खालची माती वर ढकलली जाते. नांगराशिवाय शेत स्वतःच स्वतःला उलथंपालथं करतं! आणि ही माती आली कुठून? सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, आणि ऊनपावसात तो झिजून झिजून ही माती झाली. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर अजून पायऱ्यांसारखे दिसतात. डायनासोरांच्या अखेरच्या काळातला लाव्हा आज एखादा ऑफब्रेक वळवतोय, या विचारानं मला दर वेळी शहारा येतो.

आता बंगळुरूला परत जाऊ. सामन्याचा पहिला दिवस पावसानं अख्खा धुऊन नेला. खेळपट्टी कव्हर्सखाली झाकलेली होती. झाकलेल्या मातीला पाऊस लागत नाही हे खरं, पण तिच्यातलं पाणीही उडून जात नाही. डब्यात बंद केलेल्या गरम पोळीसारखी ती आतल्या आत दमट राहते. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं असताना भारतानं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. नंतर कर्णधार रोहित शर्मानं खेळपट्टी ओळखण्यात आपलीच चूक झाली हे मोकळेपणानं सांगितलं.

दमट माती किंचित मऊ असते. नव्या चेंडूची उंच शिवण तिच्यात टोचते, पकड घेते आणि चेंडू इकडे किंवा तिकडे उडी मारतो. कुठल्या बाजूला? ते गोलंदाजालाही आधी ठाऊक नसतं. आणि टप्पा पडण्याआधी हवेतला खेळ निराळाच. चेंडूची शिवण थोडी तिरकी धरली की एका बाजूनं जाणारी हवा त्या टाक्यांना अडखळते, घुसळली जाते आणि घुसळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूची शांत हवा मात्र लवकर सुटून जाते. दोन्हीकडे दाब वेगळा, म्हणून चेंडू वळतो. गडबडलेली हवा घट्ट धरून ठेवते आणि शांत हवा सोडून देते, हे किती उलटं वाटतं! मॅट हेन्रीनं १५ धावांत पाच आणि विल्यम ओ'रूर्कनं २२ धावांत चार बळी घेतले. उरलेला एक टिम साउदीचा.

मग ऊन पडलं. पाणी उडालं. माती आवळली, टणक झाली. शहाबादी फरशीवर चेंडू टाकून बघा आणि शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणात टाकून बघा. फरशी चेंडूला जसाच्या तसा परत पाठवते. आता बंगळुरूची खेळपट्टी फरशीसारखी वागायला लागली. न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रनं १३४ केल्या. त्याचे आईवडील मूळचे बंगळुरूचे, म्हणजे त्यालाही ते अर्धं घरचंच मैदान. मग सर्फराज खाननं १५० ठोकल्या, ऋषभ पंत ९९ वर बाद झाला. भारत ३ बाद ४०८! आम्ही घरोघरी चमत्काराची वाट बघत बसलो. तेवढ्यात ऐंशी षटकं होऊन नवा चेंडू आला. नवी शिवण, नवी चकाकी. उरलेले सात गडी ५४ धावांत गेले. न्यूझीलंडनं भारतात कसोटी जिंकली, तीही छत्तीस वर्षांनी.

२४ ऑक्टोबरला पुण्यात दुसरी कसोटी सुरू झाली. इथली खेळपट्टी काळ्या मातीची. शुक्रवारी मी रजा टाकून गहुंजेला गेलो. एक्स्प्रेस वेच्या कडेला, डोंगरांच्या कुशीत, ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या खुर्च्यांवर माणसं रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती. स्टँडातून खेळपट्टी दिसते केवढी? आगपेटीएवढी. पण हजारो डोळे तिच्याकडेच लागलेले.

आदल्या दिवशी वॉशिंग्टन सुंदरनं कमाल केली होती. हा मुलगा पहिल्या कसोटीच्या वेळी संघातही नव्हता. साडेतीन वर्षांनी कसोटी खेळत होता. त्यानं ५९ धावांत सात बळी घेतले. उरलेले तीन अश्विनचे. दहाच्या दहा बळी चेन्नईच्या दोन ऑफस्पिनरांना! ३ बाद १९७ वरून न्यूझीलंड २५९ वर संपलं. आम्ही खूश होतो. फिरकी म्हणजे आपलं घरगुती शस्त्र, असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलोय.

आणि मग मिचेल सँटनर आला. डावखुरा फिरकीपटू. तोवरच्या कसोटी कारकिर्दीत त्यानं एका डावात पाच बळी कधी घेतले नव्हते. पुण्यात त्यानं ५३ धावांत सात घेतले आणि दुसऱ्या डावात १०४ धावांत सहा. तेरा बळी! त्यानं काय वेगळं केलं?

फार वेगळं नाही, आणि आश्चर्य आहे ते यातच. फिरकी गोलंदाज बोटांनी चेंडूला पीळ देतो. चांगला पीळ म्हणजे मिनिटाला साधारण दोन हजार गिरक्या. हातातून सुटून बॅटपर्यंत पोचायला चेंडूला जेमतेम पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात त्याच्या पंचवीसेक गिरक्या होतात. वाटेत तो जमिनीला लागतो. किती वेळ? सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्या स्पर्शात माती त्या गिरकीला अडवते आणि चेंडूची दिशा फिरते.

पण चेंडूचा कुठला भाग मातीला लागला? भारतातल्या कसोट्यांत मेरठचा एसजी चेंडू वापरतात. त्याची शिवण हातानं घातलेली असते, टाके चांगले वर आलेले असतात. टाके मातीला लागले तर पकड मिळते आणि चेंडू हातभर वळतो. शेजारचं गुळगुळीत कातडं लागलं तर चेंडू घसरतो आणि सरळ येतो. गोलंदाजानं दोन्ही चेंडू अगदी सारखेच टाकलेत, हात तोच, बोटं तीच, वेग तोच. एक वळतो, एक वळत नाही. गोलंदाजाला स्वतःलाही माहीत नाही कुठला वळणार! मग बावीस यार्डांवर उभ्या फलंदाजानं काय ओळखायचं? सँटनरनं वेग कमीजास्त करत, एकाच जागेवर नेटानं टप्पा ठेवत हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

त्यात काळी माती. ती पाणी लवकर सोडत नाही, उसळी फार देत नाही. चेंडू खाली राहतो. खाली राहिलेला चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपकडे उडत नाही, तो पायाला किंवा यष्ट्यांना लागतो. पुण्यातल्या पहिल्या दोन डावांतले फिरकीचे बहुतेक बळी पाहा: त्रिफळाचित, पायचीत, पुन्हा त्रिफळाचित. धावफलक वाचून मातीचा रंग सांगता यावा, इतकं ते स्वच्छ आहे.

सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र मला त्या दिवशी मैदानात कळलंच नाही. विराट कोहली त्रिफळाचित झाला, एका धावेवर. स्टँडमध्ये एकदम शांतता पसरली. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. चेंडू किती वळला असेल यावर आम्ही तावातावानं बोलत राहिलो. रात्री घरी येऊन टीव्हीवर पाहिलं तर तो फुलटॉस होता! चेंडू जमिनीला लागलाच नव्हता. एवढ्या मोठ्या फलंदाजाला मातीनं बाद केलं, पण मातीला न शिवता.

हे कसं? पुढच्या दिशेनं गिरकी घेणाऱ्या चेंडूच्या वरच्या बाजूला समोरून येणारी हवा अडते आणि खालच्या बाजूनं सरसर जाते, त्यामुळे चेंडू खाली ओढला जातो. एकोणिसाव्या शतकात माग्नुस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं फिरत्या वस्तूंवरच्या या ओढीचा अभ्यास केला, म्हणून तिला त्याचं नाव आहे. चेंडू डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा आधी आणि खोल उतरतो. फलंदाजाचा मेंदू टप्प्याची जागा आधीच ठरवून बसलेला असतो, बॅट त्या हिशेबानं फिरते. माझा स्वतःचा समज असा की त्यात खेळपट्टीची धास्तीही मिसळली. सकाळपासून जो चेंडूंना वळताना बघतोय, त्याच्या मनात टप्पा पडायच्या आधीच चेंडू वळलेला असतो.

पुण्याची कसोटी तिसऱ्याच दिवशी, शनिवारी संपली. ११३ धावांनी हार आणि मालिकाही गेली. रविवारची, चौथ्या दिवसाची तिकिटं माझ्या खिशात होती, माझं एक आणि भाच्याचं एक. मग रविवारी मी ताईकडे गेलो आणि भाच्यानं नि मी मिळून दिवाळीचा किल्ला करायला घेतला.

माती दोन प्रकारची मिळाली. मागच्या गल्लीत इमारतीचा पाया खणताना निघालेली काळी, आणि नर्सरीतून आणलेलं लाल मातीचं एक पोतं. अर्धा किल्ला काळा झाला, अर्धा लाल. भाच्यानं पायथ्याला शेत म्हणून अळीव पेरले. मी त्याला म्हटलं, "बघ हं, आता दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाळतील." तो म्हणाला, "मामा, मग आपण पाणीच नाही मारायचं. कसोटीसारखं." अळिवाच्या पट्ट्यापुरती सूट ठेवून आम्ही तसं ठरवलं.

मुंबईची कसोटी १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरू झाली. वानखेडेची माती लाल. आणि चेंडू लगेच वेगळं बोलायला लागला! पुण्यात गुडघ्याखाली राहणारा चेंडू इथे मांडीपर्यंत, कमरेपर्यंत उसळत होता. टणक लाल माती चेंडूला वर फेकते, तिचा वरचा थर भुरभुरला की वळणही देते. उसळी आणि वळण एकत्र आलं की चेंडू बॅटच्या वरच्या भागाला लागतो, ग्लोव्हजना लागतो, झेल उडतात. जडेजानं दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले. भारताला जिंकायला फक्त १४७ धावा हव्या होत्या.

फक्त १४७! घरच्या मैदानावर, आणि तेही वानखेडेवर.

पण समोर होता एजाझ पटेल. त्याची गोष्ट मी कितीदा सांगितली तरी माझं समाधान होत नाही. २१ ऑक्टोबर १९८८ ला तो मुंबईत जन्मला. आठ वर्षांचा असताना आईवडील न्यूझीलंडला गेले. तिथे तो आधी वेगवान गोलंदाजी करायचा, मोठा झाल्यावर फिरकीकडे वळला. डिसेंबर २०२१ मध्ये याच वानखेडेवर त्यानं एका डावात ११९ धावांत भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले. कसोटीच्या इतिहासात हे त्याआधी दोघांनाच जमलं होतं, १९५६ मध्ये जिम लेकरला आणि १९९९ मध्ये आपल्या अनिल कुंबळेला. आणि न्यूझीलंडनं भारतात याआधीची कसोटी जिंकली होती ती कुठे आणि कधी? इथेच, वानखेडेवर, नोव्हेंबर १९८८ च्या शेवटी. रिचर्ड हॅडली आणि जॉन ब्रेसवेल भारताला गुंडाळत होते, तेव्हा याच शहरात एजाझ जेमतेम महिन्याभराचा होता!

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज. मी सकाळीच ताईकडे पोचलो. टीव्ही लावलेला, पाटाभोवती रांगोळी काढून झालेली. भारत ५ बाद २९. शुभमन गिलनं पहिल्या डावात ९० केल्या होत्या, आता त्यानं एजाझचा एक चेंडू बाहेर वळेल म्हणून बॅट उचलून सोडून दिला. तो वळलाच नाही. सरळ आला आणि यष्टी उडाली. कातडं लागलं असणार, टाके नाही! कोहली स्लिपमध्ये झेल देऊन गेला. मग पंत उभा राहिला. दुसऱ्यांना जिथे उभं राहणं कठीण झालं होतं, तिथे तो पुढे सरसावून चेंडूचा टप्पा पडायच्या आधीच त्याला गाठत होता. नीट बघा, तो मातीला बोलायची संधीच देत नव्हता. जेवणाच्या सुट्टीला ६ बाद ९२, पंत खेळतोय. ताई म्हणाली, "ओवाळून घेऊ का आता?" मी म्हटलं, "जिंकल्यावर." ती हसली आणि निरांजन पुन्हा देवघरात ठेवून आली.

पंत ६४ वर बाद झाला, आणि भारत १२१ वर. पंचवीस धावा कमी पडल्या. एजाझचे दुसऱ्या डावात ५७ धावांत सहा, सामन्यात अकरा. वानखेडेवरच्या दोन कसोट्यांत मिळून पंचवीस बळी. मुंबईत जन्मलेल्या मुलानं मुंबईच्या मातीत भारताला हरवलं, आणि शेवटचा गडी पडला तेव्हा मी नकळत टाळ्या वाजवत होतो.

ओवाळणी झाली, जेवणं झाली. मग भाचा मला हाताला धरून खाली घेऊन गेला.

किल्ल्याला आठवडा झाला होता. काळ्या बाजूला भेगांचं जाळं पडलं होतं, पंचकोनी, षटकोनी तुकडे, फोडलेल्या वडीसारखे. एका भेगेत त्याची करंगळी जात होती. पण प्रत्येक तुकडा दगडासारखा घट्ट. लाल बाजूला मोठी भेग एकही नव्हती. बुरूज सरळ उभा होता, पण त्यावरून बोट फिरवलं की बोटाला पावडर लागत होती. पायथ्याशी जिथे अळीव उगवले होते तिथली काळी माती मात्र फारशी फाटली नव्हती. मुळांनी तिला आतून धरून ठेवलं होतं. खेळपट्टीवर गवत का ठेवतात हे मी त्याला समजावून सांगणार, तेवढ्यात त्यानंच ते सांगितलं.

"मामा, सामना संपला ना? मग आता पाणी मारू?"

तांब्या भरून आणला. लाल बुरुजावर पाणी पडलं तसा वरचा भुगा वाहून गेला आणि एक बाजू ढासळली. काळ्या बाजूनं पाणी गटागट पिऊन टाकलं, भेगा होत्या तशाच राहिल्या. तो थोडा हिरमुसला. मी म्हटलं, थांब, पदरापदरात जायला तिला वेळ लागतो.

रात्री निघताना आम्ही पुन्हा खाली गेलो. मोबाइलच्या उजेडात दोघंही उकिडवे बसलो. दुपारी ज्या भेगेत त्याची करंगळी जात होती, तिथे आता केसाएवढी रेघ उरली होती.